छातीपर्यंतचा माणूस

गेल्या दीड वर्षात ज्या बाईंना मी माझ्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं, त्यांची उंची मला माहीत नाही. त्या सांगलीत राहतात, मी पुण्यात आंबेगाव बुद्रुकला. दर गुरुवारी रात्री साडेआठला त्या माझ्या मोबाइलवर छातीपर्यंत दिसतात. मागे फिकट हिरवी भिंत, तिच्यावर एक घड्याळ, आणि ते घड्याळ चार मिनिटं पुढे. मीही त्यांना तेवढाच दिसतो. पासपोर्टच्या फोटोत मावतो तेवढा माणूस.

मी बावन्न वर्षांचा, तळवड्याच्या एका कंपनीत परचेसला. वीस वर्षं बायपासने गाडी चालवत गेलो-आलो. एका मार्चमध्ये सकाळी स्वामीनारायण मंदिरापासून नवले पुलाकडचा उतार उतरत होतो आणि हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मग छाती धडधडायला लागली, घसा कोरडा, आणि मागून येणारा प्रत्येक ट्रक माझ्यावरच येतोय असं वाटायला लागलं. पूल ओलांडून गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन केला की मला अ‍ॅटॅक आलाय.

ईसीजी नॉर्मल. टूडी इको नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हार्ट घोड्यासारखं आहे तुमचं." मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढा मेलो होतो मी, आणि कागदावर काहीच नाही!

याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि तो कशामुळे येतो ते आता मला पाठ आहे. जिवाला धोका आहे असा शरीराचा समज होतो, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या. काही मिनिटांत लाट टिपेला जाते आणि ओसरते. पण ती ओसरण्याआधीच आपण पळ काढला तर मेंदू समजतो की पळालो म्हणून वाचलो. मी पळालो. दुसऱ्या दिवसापासून स्वारगेट, शिवाजीनगर, दापोडी, निगडी असा शहरातून जायला लागलो. रोज पाऊण तास जास्त. घरी सांगितलं, बायपासला फार खड्डे झालेत. पुण्यात हे कारण कुणी तपासून बघत नाही.

त्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने एकापाठोपाठ कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. मी त्यात नव्हतो, घरी जेवत होतो. सकाळी तिथून गेलो तेव्हा रस्त्यावर काचांचा चुरा होता, तेवढंच. तेव्हा काही झालं नाही. पुढे जानेवारीत दादा गेले, म्हणजे माझे वडील, आणि मार्चमध्ये हे सुरू झालं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "गोळी देतो, पण जरा कुणाशी तरी बोला." बोला म्हणजे कुठे जाऊन बोला? पुण्यात तुम्ही कुठेही गेलात तरी शाळेतला एकजण भेटतोच. सहकारनगरमध्ये एका बाईंचं नाव कळलं होतं, त्यांच्या क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर माझा चुलतभाऊ राहतो. जिना एकच. माझ्या पिढीने शाळेत एकमेकांना "याला येरवड्याला टाका रे" म्हणतच दिवस काढलेत. आम्हाला येरवडा म्हटलं की ब्रिटिशांच्या काळापासूनची दोनच ठिकाणं आठवायची, तुरुंग आणि मनोरुग्णालय, आणि दोन्हीतला फरक आमच्या डोक्यात फारसा नव्हता. अशा डोक्याने क्लिनिकचा जिना चढणं अवघड असतं. फोन मात्र हातातच होता. ऑनलाइनचा पहिला फायदा हाच, आणि तो लहान समजू नये. त्या जिन्यापायी मी आणखी दहा वर्षं निगडीमार्गे गेलो असतो.

सुरुवात मात्र फसली. एका अ‍ॅपवर थेरपीच्या सहा सेशनचं पॅकेज घेतलं. एकदम घेतलं तर सवलत. परचेसवाला माणूस, सवलत सोडणार कशी? पहिल्या दोन वेळा एक मुलगी होती, चांगली होती, तिसऱ्या वेळी दुसराच कुणीतरी. त्याच्यापुढे पुन्हा पहिल्यापासून, वडील कधी गेले, पूल कुठे आहे. तो दिल्लीकडचा असावा, बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी कोटेशन मागवण्यापुरतं उत्तम आहे. पण 'धस्स झालं' याला मी काय म्हणू? 'जीव घाबराघुबरा होतो', 'कसंतरीच होतं', 'पोटात कालवाकालव' यातलं एकही मला सांगता येईना. मी म्हणत राहिलो, टेन्शन, टेन्शन, आणि तो मान डोलवत राहिला. उरलेल्या सेशनचे पैसे परत मिळाले नाहीत. त्या वादात माझी चिंता थोडी कमी झाली होती, हे कबूल करतो. भांडताना पॅनिक येत नाही.

मग ठरवलं की मराठी बोलणारं माणूस हवं, आणि ते पुण्यातलंच असायला हवं असं कुठे आहे? अशा रीतीने सांगली. मॅडमचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मी आधी तपासला. आमच्याकडे नवा व्हेंडर घेताना जीएसटी नंबर तपासतात तसाच. हे प्रत्येकाने करावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ही नोंदणी लागते, पण इंटरनेटवर लाइफ कोच, हीलर, माइंड मेंटॉर अशा नावांची जी जत्रा भरली आहे तिला अशी चाळणी नाही. हसरा फोटो आणि रिळं एवढ्या भांडवलावर लोक दुसऱ्याच्या मनात हात घालतात.

पहिल्याच सेशनला मॅडमनी विचारलं, "आत्ता तुम्ही कुठे बसला आहात? पूर्ण पत्ता सांगा. आणि घरातल्या एकाचा नंबर द्या, ज्यांना मी गरज पडली तर फोन करू शकते." मला वाटलं, बिलासाठी असेल. नंतर उलगडा झाला. क्लिनिकमध्ये एखाद्याचं काही बिनसलं तर थेरपिस्ट उठून त्याच्या खुर्चीशी जाऊ शकते. सांगलीहून आंबेगावला ती फक्त कुणालातरी पाठवू शकते, आणि त्यासाठी पत्ता लागतो. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की जीव द्यावा असं तीव्रतेने वाटत असेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर पडद्यावरचं हे काम थांबवून त्या मला पुण्यातल्या डॉक्टरकडे पाठवतील. औषधं त्या देत नाहीत, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. डॉक्टरांनी व्हिडिओवरून तपासण्याचे नियम आपल्याकडे २५ मार्च २०२० ला निघाले, देश बंद झाला त्याच दिवशी. त्यातही नशेची किंवा सवय लावणारी औषधं दुरून लिहून देण्यावर बंधनं आहेत.

आता प्रश्न जागेचा. आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये आई, तिची साडेआठची मालिका, बेडरूममध्ये मुलीचा अभ्यास, स्वयंपाकघरात बायको. दारं अशी की बाथरूममध्ये शिंक आली तर हॉलमधून "सत्य आहे" ऐकू येतं. या घरात बसून मी 'वडिलांचा मला राग येतो' हे वाक्य कुठे म्हणणार होतो? घरबसल्या थेरपी, असं जाहिरातीत म्हणतात. ज्यांच्या घरात रिकामी खोली आहे अशांनी ती जाहिरात लिहिली असावी. आणि ज्या बाईला त्रास देणारा माणूसच दाराबाहेर बसलेला आहे, तिने घरबसल्या काय बोलायचं?

मी गाडीत जाऊन बसायला लागलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या जागेवर, काचा वर, दिवा बंद, मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला. तिसऱ्या गुरुवारी आमचे वॉचमनमामा काचेवर टकटक करून म्हणाले, "साहेब, बरं वाटत नाही का?" मी डोळे पुसत होतो. म्हटलं, "नाही मामा, ऑफिसचा कॉल आहे." ते म्हणाले, "सोडा ती नोकरी." त्यानंतर दर गुरुवारी साडेआठला ते माझ्या गाडीच्या दिशेला पाठ करून खुर्ची टाकतात आणि तिकडे येणाऱ्या पोरांना हाकलतात. एवढी गोपनीयता मला कुठल्या अ‍ॅपच्या अटी-शर्तींनी दिली नाही.

अटी-शर्तींवरून आठवलं. फिनलंडमध्ये व्हास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. तिथल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोराने थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून खंडणी मागितली: पैसे द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलंत ते जगजाहीर करतो. हे वाचल्यावर मी मॅडमना विचारलं की तुम्ही माझं कुठे लिहून ठेवता? त्यांनी एक वही कॅमेऱ्यासमोर धरली. निळी, दोनशे पानी. मला एकदम हायसं वाटलं, जरी वही म्हणजे काही तिजोरी नव्हे.

सहाव्या की सातव्या सेशनला त्या बोलता बोलता थांबल्या. म्हणाल्या, "तुमचा चेहरा अगदी शांत असतो. आवाजही. पण मोबाइल मधेच हलतो. का हलतो?"

म्हटलं, स्टिअरिंगला टेकवलाय, सरकत असेल.

"कॅमेरा जरा खाली करा. पायाकडे."

मी मोबाइल खाली धरला आणि त्यांच्याआधी मीच बघितलं. माझा उजवा पाय ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. गाडी बंद, चावी घरात, आणि मी गेले सहा गुरुवार पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा ब्रेक दाबून बोलत होतो. पोटरी दगडासारखी. चेहरा मी सांभाळला होता, कारण पडद्याच्या कोपऱ्यात तो मला स्वतःलाच दिसत असतो. आरशासमोर बसून रडायची लाज वाटते तसं काहीतरी. (तो कोपरा बंद करता येतो हे मला मॅडमनीच सांगितलं. तेव्हापासून बंद आहे.) पाय कुणालाच दिसत नव्हता, म्हणून सगळं पायात उतरलं होतं.

समोर खुर्चीत बसलो असतो तर पहिल्या दहा मिनिटांत तो पाय त्यांच्या नजरेत आला असता. सहा आठवडे आणि दर वेळचे बाराशे रुपये, असा पडद्याचा हिशेब. पण लगेच दुसरी बाजूही लिहितो. क्लिनिकमधल्या खुर्चीला ब्रेक नसतो. मी ज्या सीटवर घाबरलो त्याच सीटवर बसून बोलत होतो, म्हणून पाय बोलला. माझी ही गाडी सांगलीच्या क्लिनिकमध्ये कुणी नेली असती?

पुढचा महिनाभर आम्ही पायावरच काम केलं आणि मग पुलावर जायचं ठरलं. गाडी चालवताना फोन नाही, ही मॅडमची अट. म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला बायको चालवायला, मी शेजारी, मोबाइल डॅशबोर्डवर, त्यात मॅडम, हातात चहाचा कप. मंदिर आलं. "भीती दहापैकी किती?" "सात." उतार सुरू झाला. "आता?" "नऊ." "पाय कुठे आहेत?" "मॅटवर." "बोटं सैल सोडा, श्वास सोडताना मोठा सोडा, पळायचं नाही, लाट आहे, येऊ दे…" आणि इथे रेंज गेली. मॅडम कप तोंडाला लावलेल्या अवस्थेत गोठल्या. डावीकडून एक टेंपो घासून गेला, बायकोने काच खाली करून त्याला असं काही ऐकवलं की मी लग्नानंतर पंचवीस वर्षांत प्रथमच ऐकलं. पूल मागे गेला. वडगावपाशी मॅडम परत हलायला लागल्या. "मधे काय झालं?"

"हिने शिवी दिली."

"आणि आकडा?"

मी आकडा बघायला विसरलो होतो. तेवढ्याने काही बरा झालो नाही, नंतर आणखी अकरा रविवार लागले. पण थेरपिस्ट आपल्याबरोबर नवले पुलावर येते, तीही सांगलीत चहा पीत, हे दादांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, थापा मारू नकोस.

हे सगळं मी माझ्या एका मित्राला सांगितलं. तो मुक्तांगणमध्ये राहून आला आहे. दहा वर्षं झाली, दारूला शिवलेला नाही. १९८६ पासून पुण्यात दारू सोडायला धडपडणारे कितीतरी लोक त्या दारातून आत गेलेत. तो मोठ्याने हसला. "माझं ऑनलाइन केलं असतं तर मी रोज दोन पेग मारून बसलो असतो आणि ग्लासात पाणी आहे म्हणून सांगितलं असतं. वास जातो का रे नेटमधून? तिथे समोर बसलेला दुसरा बेवडा माझ्या डोळ्यांत बघायचा. त्याला कोण फसवणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही माणसाला बाराशे देता, मला रात्री दोनला चॅटबॉट फुकटात समजून घेतो. मी वाचलेली गोष्ट तिला सांगितली: १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला. आपलंच वाक्य प्रश्न करून आपल्याला परत द्यायचा, एवढंच त्याचं कसब. तर त्याची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्रॅम घडताना पाहिला होता, तीच म्हणाली, जरा बाहेर जाता का, मला याच्याशी एकटीने बोलायचंय. मुलगी म्हणाली, "म्हणजे तेव्हापासून गरज आहेच की." मला तिचं म्हणणं खोडून काढायचं होतं. पण रात्री दोनला ती कशासाठी जागी असते, हे मी तोवर विचारलेलं नव्हतं. विचारलं. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

आणि आई. दादा गेल्यापासून ती पहाटे तीनला उठून देवघराशी बसते. जेवण निम्मं. मी ठीक झालो म्हणून उत्साहात होतो. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. मी तो नंबर लावून फोन आईच्या हातात दिला आणि मुद्दाम गॅलरीत गेलो. पलीकडचा आवाज शांत होता, घाई नव्हती. आई म्हणाली, "हो हो, छान आहे सगळं. मुलगा, सून, नात, सगळी मजेत. तुम्ही जेवलात का?" दोन मिनिटांत फोन परत.

मी चिडलो. मग लक्षात आलं. आईच्या आयुष्यात फोन हा दुःख सांगायचा पदार्थच नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उभं राहून, डोळ्यांसमोर लाल आकडे पळत असताना, साताऱ्याच्या मामाला तीन मिनिटांत सांगायचं की सगळे खुशाल. रडायचं ते घरी येऊन. तिच्यासाठी यंत्रातून फक्त खुशाली जाते. शिवाय डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि पडद्यावर माणूस बोलला की तिला ते मालिकेतलं वाटतं. माझ्या सोयीची गोष्ट मी तिच्या हातात कोंबली होती.

नव्या पेठेतल्या एका डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. रिक्षा, मग जिना, एकोणीस पायऱ्या, तिसऱ्या पायरीवर आई थांबली आणि म्हणाली, "वेड्यांचे डॉक्टर का रे हे?" म्हटलं, झोपेचे. वेटिंग रूममध्ये बाक होता, कालनिर्णय होतं, आणि अपेक्षेप्रमाणे माझ्या वर्गातला एकजण होता, बायकोबरोबर. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "पार्किंग कुठे मिळालं?" आणि मग आम्ही बराच वेळ पार्किंगवर बोललो.

डॉक्टरांनी आईला आधी दारापासून खुर्चीपर्यंत चालत यायला सांगितलं आणि चालताना बघितलं. नुसतं बघितलं, वरपासून खालपर्यंत. हात पुढे धरायला सांगितले, बोटं थरथरतात का ते पाहिलं. थायरॉइड आणि बी-१२ करून घ्या म्हणाले. मग तिच्या उजव्या बाजूला खुर्ची सरकवून बसले, चांगल्या कानाकडे, मी सांगितलं नसताना.

मी सांगायला सुरुवात केली, "दादा गेल्यापासून हिला…"

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर मला म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती. बाहेर येऊन बाकावर बसलो, तिची पिशवी मांडीवर घेतली. सवयीने कान टवकारले. पण दार जाड लाकडाचं होतं, जुन्या वाड्यातलं असावं. आतलं काही ऐकू आलं नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली, तरी नाही.